चिखलांतील मुळांचा श्वासोच्छ्वास

कुंडींतील तुळशीला पाणी फार झालें, कुंडीचें भोंक बुजलें आणि तें पाणी चार-सहा दिवस तसेंच सांचून राहिलें, म्हणजे तुळस पिवळी पडते आणि मान टाकते, हा अनुभव शहरांतील घरोघरीं येत असतो. "तुळस कुजली" असें म्हणून घरांतील माणसें हळहळतात. परंतु कुजणें हें मागाहून घडतें. त्यापूर्वीं तुळशीचें मूळ गुदमरून मेलेलें असतें. मातीच्या कणाकणांमधील बारीक पोकळ्यांत एरव्हीं जी हवा खेळते, तिची जागा पाण्यानें घेतलेली असते, आणि हवेवांचून मूळ जगूं शकत नाहीं. म्हणजे तुळशीचा घात पाणी करीत नाहीं. हवेचा अभाव करतो.

हें एकदां लक्षांत आलें म्हणजे भाताच्या शेताचें आश्चर्य वाटूं लागतें. जुलै-ऑगस्ट महिन्यांत मुंबई-गोवा रस्त्यानें महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतून जाणाऱ्या प्रवाशास दोन्ही बाजूंना खाचरामागून खाचर पाण्यानें भरलेलें दिसतें. चिखल पोटरीइतका, त्यावर टीचभर पाणी, आणि त्यांत हिरवेंगार भात तरारून उभें. चार दिवसांच्या पाण्यानें जेथें तुळस मरते, तेथें हें गवत दोन-तीन महिने पाय बुडवून उभें राहतें, फुटवे धरतें, फुलतें आणि दाणा भरतें. भातास हवा लागत नाहीं काय? लागते, तुळशीइतकीच लागते. मात्र ती मिळविण्याची त्याची रीति निराळी आहे. ही रीति कोणती, तिची मर्यादा कोठें आहे, आणि ती मर्यादा ओलांडली गेली म्हणजे सावित्रीकांठच्या कुटुंबांवर काय प्रसंग येतो, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख हवी. सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावते, सह्याद्रीचे कडे उतरून पोलादपुराजवळून वाहते, आणि महाडास येईपर्यंत तिचा उतार अगदीं मंदावतो. महाडाजवळच रायगडाकडून येणारी गांधारी तिला मिळते. खालीं बाणकोटच्या खाडींतून समुद्राची भरती वर चढते. या भरतीच्या बळावरच एके काळीं महाड हें खाडींतून येणाऱ्या मालाचें बंदर होतें. पाऊस येथें वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, आणि तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगरउतारावर पडलेलें पाणी क्षणभरहि थांबत नाहीं. सखल भागांत आलेलें पाणी हलूं म्हणतां हलत नाहीं. शेतकऱ्यांनीं या भेदावर आपली पिकें बसविलीं आहेत. उतारावरच्या वरकस जमिनींत नाचणी आणि वरी, खालच्या बांधबंदिस्तीच्या खाचरांत भात. नाचणीला पाऊस हवा, पण पायाशीं सांचलेलें पाणी चालत नाहीं. भाताला तें चालतें, नव्हे, मानवतें. शेतकरी जमिनीची ही प्रतवारी पाण्यावरून करतो असें दिसतें खरें, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर ती मातींतील हवेवरून केलेली प्रतवारी आहे.

मुळाला हवा कशाला हवी? पानांत तयार झालेली साखर मुळांकडे उतरते. ती जाळून मूळ आपली शक्ति मिळवितें. त्या शक्तीवर तें वाढतें, जमिनींतील क्षार आंत ओढून घेतें. हें ज्वलन व्हावयास प्राणवायु पाहिजे. प्राणवायु मिळाला नाहीं तर मूळ साखर आंबवून कशीबशी वेळ मारून नेतें. त्यांतून मद्यार्क उत्पन्न होतो. परंतु या मार्गानें साखरेच्या त्याच कणापासून मिळणारी शक्ति नेहमींच्या सुमारें पंधराव्या हिश्शाएवढीच असते. सांठा भराभर संपतो आणि मूळ उपाशी मरतें.

पाण्यांत प्राणवायु नसतो असें नाहीं. नाहींतर मासे जगते ना. परंतु एक लिटर हवेंत जेथें सुमारें २७० मिलिग्रॅम प्राणवायु असतो, तेथें एक लिटर पाण्यांत तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. त्याहून मोठी अडचण त्याच्या गतीची. स्थिर पाण्यांतून प्राणवायु हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं सावकाश पसरतो. खाचर भरल्यावर मातींतील असंख्य सूक्ष्म जंतु उरलासुरला प्राणवायु एक-दोन दिवसांत संपवून टाकतात, आणि वरून नवा येण्याचा मार्ग जवळजवळ बंदच झालेला असतो.

यापुढें जें घडतें तें डोळ्यांस दिसण्यासारखें आहे. प्राणवायु संपला म्हणून मातींतील जंतु स्वस्थ बसत नाहींत. त्यांपैकीं कांहीं जाति क्रमाक्रमानें दुसऱ्या पदार्थांवर निर्वाह करूं लागतात: प्रथम नत्राचे क्षार, मग मँगनीज, मग लोह, त्यानंतर गंधकाचे क्षार, आणि सर्वांच्या शेवटीं मिथेन वायु निर्माण करणाऱ्या जंतूंची पाळी येते. कोंकणच्या तांबड्या मातींत लोह भरपूर. कोरड्या मातींत तें गंजाच्या रूपांत असतें आणि म्हणून माती तांबडी दिसते. प्राणवायूवांचून त्याचें रूप पालटतें, तें पाण्यांत विरघळूं लागतें, आणि मातीचा रंग करडा-निळसर होतो. भरल्या खाचरांतील चिखलाचा गोळा हलकेच उचलून मोडून पाहिला तर वरचा कांहीं मिलिमीटरांचा पापुद्रा तांबूस आणि खालचा सारा चिखल राखी रंगाचा आढळतो. चिखलांत पाय रोवतांच जे बुडबुडे वर येतात आणि कधीं कधीं जो कुजक्या अंड्यासारखा दर्प येतो, तीं याच घडामोडीचीं चिन्हें. विरघळलेलें लोह प्रमाणाबाहेर झालें तर तें मुळास विषासारखें होतें, आणि त्या दर्पाचा वायु तर थोडासा असला तरी घातक ठरतो. म्हणजे चिखलांतील मुळापुढें संकटें दोन: हवा नाहीं हें एक, आणि हवा नसल्यामुळें भोंवतालीं विषारी द्रव्यें उत्पन्न होतात हें दुसरें.

भाताच्या चिखलांतील या वायूंचा पद्धतशीर अभ्यास हिंदुस्थानांतच आरंभीं झाला. मद्रास इलाख्याच्या शेतकी खात्यांतील हॅरिसन आणि सुब्रह्मण्य अय्यर या दोघांनीं १९१३ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत भातखाचरांतील वायु गोळा करून त्यांचें पृथक्करण केलें. चिखलाच्या पोटांत मिथेन आणि नत्रवायु पुष्कळ असतात, पण वरच्या पातळ थरांतील शेवाळ आणि जंतु त्यांचें रूप पालटून मुळांना उपकारक अशी स्थिति निर्माण करतात, असें त्यांनीं दाखविलें. ज्या शेवाळास लोक केवळ घाण समजत, त्याच्याकडे शास्त्रज्ञांची दृष्टि तेव्हांपासून वळली.

आतां भाताची युक्ति पाहूं गेल्यास ती अशी. बाहेरून हवा मिळत नाहीं म्हणून भात ती घरांतूनच पुरवितें. पानें, पानांचे वेष्टक, खोड आणि मुळें यांच्या आंत लांबच्या लांब पोकळ नळ्या असतात. पाण्याबाहेर असलेल्या पानांतून शिरलेली हवा या नळ्यांवाटे थेट मुळाच्या टोकापर्यंत पोहोंचते. हवेच्या मार्गानें प्राणवायु झपाट्यानें सरकतो हें वर आलेंच आहे. झाडानें आपल्या शरीरांतच हवेचा मार्ग बांधून घेतला एवढाच त्याचा अर्थ. मुळांतील या पोकळ्या कांहीं अंशीं मुळापासूनच असतात, आणि पाणी सांचलें म्हणजे अधिक वाढतात. पाण्यानें वेढलेल्या मुळांत इथिलीन नांवाचा वायु कोंडून राहतो. हाच वायु पिकत ठेवलेल्या आंब्यांच्या अढींत आंबे पिकवीत असतो. मुळांत त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे सालीखालच्या कांहीं ठराविक पेशी आपण होऊन मरतात, विरघळतात, आणि त्यांच्या जागीं पोकळी राहते. मूळ जगावें म्हणून त्यांतील कांहीं पेशी जागा मोकळी करून देतात.

पण नळी बांधली म्हणजे काम संपलें असें नव्हे. गळकी नळी असली तर हवा टोकापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच वाटेंत चिखलांत निघून जाईल. यासाठीं भाताच्या मुळाच्या बाहेरच्या अंगास, बुंध्याकडील भागांत, बुचासारख्या द्रव्याचा लेप तयार होतो. हा लेप हवेला बाहेर जाऊं देत नाहीं आणि विषारी द्रव्यांना आंत येण्यास अडवितो. टोंकाशीं मात्र लेप नसतो. तेथून थोडा प्राणवायु बाहेर झिरपतो आणि मुळाच्या भोंवतीं एक अत्यंत पातळ असें हवेशीर कवच तयार होतें. त्या कवचांत येतांच विरघळलेल्या लोहाचा पुन्हां गंज बनतो आणि तो मुळावरच बसतो. खाचरांतून भाताचा चूड उपटून धुतला तर मुळें तांबूस-तपकिरी दिसतात, तीं या गंजामुळें. सारा चिखल करडा आणि त्यांतलीं मुळें तेवढीं तांबडीं, यावरून मुळाभोंवतीं हवा होती याची साक्ष पटते. गव्हाच्या मुळांत अशा पोकळ्या फारच थोड्या होतात आणि असा लेपहि बसत नाहीं. म्हणून पाणी तुंबलेल्या शेतांत गहूं पिवळा पडतो.

ही रचना पाहण्यास महाडपर्यंत जाण्याची गरज नाहीं. भाजीसाठीं आणलेल्या अळूचा देठ आडवा कापून भिंगाखालीं धरला तर तो स्पंजासारखा छिद्रमय दिसतो. अळू हें ओढ्याच्या, विहिरीच्या आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढणारें झाड. त्याचा देठ हलका कां, याचें उत्तर त्या छिद्रांत आहे. कमळाच्या गड्ड्याच्या चकत्या बाजारांत मिळतात. त्यांतील वर्तुळाकार भोंकें म्हणजे हवेचे मोठे बोगदेच. कमळाच्या ताज्या देठाचें एक टोंक पाण्यांत धरून दुसऱ्यांतून फुंकर मारली म्हणजे बुडबुडे निघतात, हा खेळ तलावाकांठचीं मुलें खेळतातच. कमळाची योजना भाताहून एक पाऊल पुढची आहे. उन्हानें तापलेल्या पानांत हवेचा दाब वाढतो, ती हवा देठांतून खालीं गड्ड्यांत ढकलली जाते आणि पुन्हां पानांवाटेच बाहेर पडते. चिखलांत पुरलेल्या गड्ड्यांतून अशा रीतीनें दिवसभर वारा वाहत असतो.

भाताचें वेगळेपण मूळ फुटण्यापूर्वीं, बियांतच सुरू होतें. बहुतेक धान्यांचें बी प्राणवायूवांचून रुजत नाहीं. त्यांतील पिठाची साखर करणारीं पाचक द्रव्यें हवेशिवाय तयारच होत नाहींत. भाताच्या बियांत तीं होतात. नेहमींच्या ओलींत बी रुजलें म्हणजे मूळ आणि कोंब हीं दोन्हीं बरोबरीनें बाहेर पडतात. हवा नसेल तर भाताचें बी मूळ रोखून धरतें आणि आधीं कोंबाचें वेष्टण लांबवीत वर पाठवितें. तें वेष्टण पाण्याबाहेर डोकावलें, हवा आंत आली, कीं मग मूळ वाढूं लागतें. कोंकणांत कांहीं ठिकाणीं भिजवून मोड आणलेलें बी चिखलांत फेंकून पेरतात, त्याला रहू म्हणतात. त्या पद्धतींत बी फेंकल्यावर वरचें पाणी शेतकरी काढून टाकतो. बियाच्या अंगीं सोसण्याची शक्ति असली तरी तिची परीक्षा पाहूं नये, हें व्यवहारज्ञान त्यामागें आहे. राबाच्या वाफ्यांत रोपें वाढवून तीं मग चिखलांत लावण्याच्या सर्वमान्य पद्धतींतहि तोच हिशेब आहे. रोपाचा नाजूक काळ निचऱ्याच्या जागीं जातो. पाणी सोसण्याइतकें तें मोठें झाल्यावरच त्याला खाचरांत आणतात.

कोणी विचारील कीं, एवढा खटाटोप करून भात पाण्यांत लावावयाचें कशासाठीं? एक तर या प्रदेशांत जुलैमध्यें पाणी टाळणें शक्यच नाहीं. शिवाय पाण्यापासून लाभहि आहेत. चिखलणीनें मातीचीं छिद्रें बुजतात आणि पाणी झिरपून जाण्याचें थांबतें. ज्या तणांना भातासारखी श्वासनलिका नाहीं, तीं गुदमरतात. लोहाचें रूप पालटतांना त्याला जखडलेलें स्फुरद मोकळें होऊन पिकास मिळतें. आणि ज्या शेवाळाचा उल्लेख वर आला, त्यांतील निळ्या-हिरव्या जाति हवेंतील नत्र धरून ठेवतात. ही गोष्ट डाक्का येथील डॉ. डे यांनीं १९३९ मध्यें प्रयोगांनीं सिद्ध केली. नत्राच्या बाबतींत चिखलाचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. वरच्या हवेशीर थरांत टाकलेल्या खताचें रूप बदलतें, आणि तें खालच्या निर्वात थरांत उतरलें कीं त्याचा बराच भाग वायु होऊन उडून जातो. तेंच खत गोळ्यांच्या रूपानें चार चुडांच्या मध्यें चिखलांत खोल दाबलें, तर तेथें हवा नसल्यामुळें तें अमोनियाच्याच रूपांत टिकतें आणि मुळांना सावकाश मिळत राहतें. कोंकणांत युरियाच्या दाबलेल्या गोळ्या वापरण्याची जी पद्धति रुजली आहे, तिचें मर्म हेंच.

येथवर भाताच्या सामर्थ्याचें वर्णन झालें. परंतु या साऱ्या रचनेची एक अट आहे: पानांचीं टोंकें तरी पाण्याबाहेर असलीं पाहिजेत. पाय बुडणें निराळें आणि डोकें बुडणें निराळें. महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याची खरी चिंता याच ठिकाणीं सुरू होते.

२००५ च्या जुलैच्या २५ आणि २६ तारखांस, आणि पुन्हां २०२१ च्या जुलैच्या २२ तारखेस, या खोऱ्यांत महापूर आले. दुसऱ्या प्रसंगीं महाबळेश्वरीं चोवीस तासांत सुमारें ५९ सेंटिमीटर पाऊस झाला. गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे खाडींत उधाणाच्या भरतीचे दिवस होते. वरून आलेल्या लोंढ्यास खालीं वाट मिळणें कठीण झालें. महाड शहर बुडालें, आणि त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. मनुष्यहानीच्या शोकापुढें शेताची गोष्ट कोणी काढीत नाहीं. परंतु पूर ओसरल्यावर जगलेल्या माणसांना वर्षभर खावयाचें असतें. दोन्हीं पूर आले ते दिवस लावणीचे. राबांत वाढविलेलें रोप नुकतेंच खाचरांत आलेलें, त्याचीं मुळें अजून धरावयाचीं, आणि उंची वीतभर.

पूर्ण बुडालेलें भात तत्काळ मरत नाहीं. त्याच्या पानाचा पृष्ठभाग पाणी न धरणारा असतो. बुडाल्यावर पानावर हवेचा एक पातळ, चंदेरी पडदा चिकटून राहतो आणि त्याच्या द्वारें पाण्यांतील वायूंशीं थोडी देवाणघेवाण चालू राहते. अमेरिकेंतील रस्किन आणि केंडे यांनीं १९८३ मध्यें या पडद्याचें महत्त्व दाखवून दिलें. पण तो कायम टिकत नाहीं. पुराचें पाणी गढूळ असलें तर प्रकाश पोहोंचत नाहीं आणि पानांस नवी साखर करतां येत नाहीं. मग भातापुढें दोन मार्ग उरतात. एक म्हणजे उरलेली शक्ति पणास लावून उंच वाढावयाचें आणि पाण्याबाहेर डोकें काढावयाचें. बंगाल-आसामकडील खोल पाण्यांतील भातें असें करतात; त्यांतील कांहीं जाति दिवसाला वीतभर वाढतात. जेथें पाणी हळूहळू चढतें आणि महिनोनमहिने राहतें, तेथें हा मार्ग योग्य. सावित्रीचा पूर तसा नाहीं. तो एका रात्रींत येतो आणि कांहीं दिवसांत जातो. अशा पुरांत धांवपळ करून लांबलेलें रोप पाणी ओसरतांच कोलमडून चिखलांत पडतें, आणि उभें राहण्यास त्याच्याजवळ शक्ति उरलेली नसते.

दुसरा मार्ग संयमाचा. वाढ थांबवावयाची, साखर जपून वापरावयाची, आणि पाणी जाईपर्यंत दम धरावयाचा. सर्वसाधारण जाति आठवडाभर पूर्ण बुडून राहिल्या तर त्यांचें फार मोठें नुकसान होतें. परंतु ओडिशांतील एका जुन्या देशी भातापासून निवडलेली 'एफआर १३ ए' ही जाति दोन आठवड्यांपर्यंत तग धरते, हें शास्त्रज्ञांना ठाऊक होतें. तिच्या या गुणाचा आनुवंशिक घटक रंगसूत्राच्या कोणत्या भागांत आहे, हें १९९६ मध्यें ठरलें. २००६ मध्यें तो घटक नेमका ओळखला गेला आणि त्याला 'सब-१ ए' हें नांव मिळालें. मग लोकप्रिय 'स्वर्णा' भाताशीं संकर करून, तोच एक गुण त्यांत उतरवून, 'स्वर्णा-सब-१' ही जाति सिद्ध झाली आणि २००९ मध्यें भारतांत, मुख्यतः पूर्वेकडील राज्यांसाठीं, प्रसृत झाली. बुडालेल्या रोपांत कोंडलेला इथिलीन वायु इतर जातींना "वाढ" म्हणून इशारा देतो. या जातींत तोच वायु "थांब" असा इशारा देतो. अर्थात् हा उपाय सर्व रोगांवर रामबाण नाहीं. फुलोऱ्यांत बुडालेल्या पिकास त्याचा उपयोग होत नाहीं, आणि महिनाभर गुडघाभर पाणी तुंबून राहिलें तर तें दुखणेंहि निराळें. शिवाय प्रत्येक खोऱ्याची माती, पाऊस आणि पिकाची मुदत वेगळी. कर्जतचें भात संशोधन केंद्र आणि १९७२ मध्यें स्थापन झालेलें दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ यांनीं कोंकणास साजतील अशा जाति निर्माण केल्या आहेत. त्यांत हा गुण उतरविण्याचें काम याच प्रदेशाच्या गरजेनें व्हावयास हवें.

तोंवर शेतकऱ्याच्या हातीं काय आहे? पहिली गोष्ट, थोडें रोप राखून ठेवणें. सगळा राब एकाच वेळीं सखल भागांत असला आणि तोच बुडाला, तर दुबार लावणीसाठीं कांहींच उरत नाहीं. उंचवट्यावर जास्तीचा एखादा वाफा ठेवणारा शेतकरी अशा वर्षीं केवळ स्वतःचेंच नव्हे, शेजाऱ्याचेंहि पीक वांचवितो. दुसरी गोष्ट, घाईनें निर्णय न घेणें. पूर ओसरल्यावर पानें करपलेलीं दिसलीं म्हणून रोप मेलें असें ठरत नाहीं. चूड उपटून त्याचा बुडखा दाबून पाहावा. तो घट्ट आणि आंतून पांढरा असेल तर जीव आहे, मऊ पडून दुर्गंध येत असेल तर गेला. जिवंत रोपास कांहीं दिवसांत मधोमध नवें पान फुटतें. तें फुटेपर्यंत खताची घाई करूं नये. मुळें दुबळीं असतांना दिलेलें खत वायां जातें. आणि तिसरी गोष्ट, दुबार लावणी करावयाची झाली तर कमी मुदतीची जाति घ्यावी. नाहींतर ऑक्टोबरांत पाऊस संपतो आणि दाणा भरण्याच्या ऐन वेळीं खाचर कोरडें पडतें.

पाण्याशीं असा करार केवळ भातानेंच केला आहे असें नाहीं. ओढ्याकांठचें पाणकणीस आपल्या लांब पानांतील आडव्या पडद्यांच्या कोठड्यांतून हवा खालीं नेतें. नदीपात्रांतील वाळुंजाचें झाड पुरांत बुंधा बुडाला म्हणजे खोडालाच नवीं मुळें फोडतें; तीं पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, जेथें थोडा प्राणवायु मिळतो तेथें, तरंगत राहतात. आणि बाणकोटच्या खाडीकडे खालीं उतरावें तों तिवरांची राई लागते. तिवराचीं मुळें चिखलांतून उलट वर येतात आणि ओहोटीच्या वेळीं बोटाएवढ्या खुंट्यांसारखीं हजारोंनीं उभीं दिसतात. प्रत्येक खुंटीला बारीक छिद्रें असतात. भरतीच्या वेळीं तीं बुडतात. ओहोटी लागतांच हवा आंत घेतात. समुद्रानें दिवसांतून दोनदां उसंत दिलेली, तेवढ्यांत श्वास पुरा करावयाचा. शिवाय तेथें मिठाचा जाच आहेच. या सर्व वनस्पतींनीं वेगवेगळ्या वाटांनीं एकच कोडें सोडविलें आहे.

या गुणाला एक दुसरीहि बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून विषय पुरा होत नाहीं. ज्या नळ्यांतून हवा खालीं जाते, त्याच नळ्यांतून चिखलांतील मिथेन वर येऊन वातावरणांत मिसळतो. हा वायु उष्णता कोंडून धरणारा असल्यामुळें जगभर त्याची काळजी वाहिली जात आहे. खाचरांतील पाणी मधून मधून काढून माती थोडी हवेशीर केली तर मिथेन कमी होतो, हें अनेक देशांत दिसून आलें आहे. जेथें पाणी कालव्याचें आहे तेथें हें सोपें. सावित्रीच्या खोऱ्यांत श्रावणधारा चालू असतां पाणी काढून टाक असें शेतकऱ्यास सांगणें म्हणजे आभाळास सांगण्यासारखें आहे. उघडीप मिळेल तेव्हां बांधाचें तोंड मोकळें करणें, एवढेंच त्याच्या हातीं आहे.

दलदलीची जमीन म्हणजे फुकट गेलेली जमीन, अशी समजूत शहरवासीयांत फार पसरली आहे. पाणथळ दिसली कीं तेथें भराव घालावा आणि जागा उपयोगांत आणावी, असें सहज बोललें जातें. परंतु नदीकांठचीं हीं खाचरें, ओढ्याचे चिखल आणि खाडीवरची तिवरांची राई हीं पुराच्या पाण्यास पसरावयास जागा देतात, त्याचा वेग मोडतात, त्यांतील गाळ धरून ठेवतात. तेथें भराव पडला तर तें पाणी नाहींसें होत नाहीं; तें शेजारच्या शेतांत आणि गांवांत शिरतें. ज्या खाचरांत पूर्वीं गुडघाभर चढत असे, तेथें तें पुरुषभर चढतें आणि दोन दिवसांऐवजीं आठवडाभर राहतें. भातानें पाण्यांत उभें राहण्याची विद्या साधली आहे, परंतु तिला उंचीची आणि दिवसांची मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आंत पाणी राहील अशी व्यवस्था ठेवणें हें काम मात्र वनस्पतीचें नाहीं. तें माणसांचें आहे.